वीस-वीस बेदाणे: प्रदेशाध्यक्ष कोण होणार, याच्या एका अंदाजाची गोष्ट

१० जून २०२५ ची संध्याकाळ. सांगलीच्या मार्केट यार्डाजवळच्या आमच्या नेहमीच्या चहाच्या टपरीवर तात्या मोबाईल नाचवतच आले. पुण्यात बालगंधर्व रंगमंदिरात राष्ट्रवादीच्या शरद पवार गटाचा वर्धापनदिन होता. तिथे जयंत पाटलांनी भर सभेत प्रदेशाध्यक्षपदातून मोकळं करा म्हणून सांगितलं होतं. सात वर्षं संधी मिळाली, आता नव्यांना द्या, असा सूर. कार्यकर्त्यांनी नाही-नाही म्हणून आरडाओरडा केला. निर्णय सगळ्यांशी बोलून घेऊ, असं म्हणून पवारांनी तो विषय तिथेच ठेवला.

जयंतरावांचं इस्लामपूर आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर, त्यामुळे टपरीवर दुसरा विषयच निघेना. 'पुढचा कोण?' यावर चौघांची पाच मतं. शेवटी तात्यांनी पिशवीतनं मूठभर बेदाणे काढून वर्तमानपत्रावर ओतले आणि म्हणाले, "तोंडाची वाफ नको. बेदाणे लावा." तात्या तासगावच्या बेदाण्याचे अडते. सौद्यात नुसता भाव बोलून चालत नाही, बोली लावावी लागते, हे त्यांच्या अंगात भिनलेलं.

नियम ठरला. प्रत्येकाला वीस बेदाणे. ज्या नावाची जितकी शक्यता वाटते तितके त्या नावापुढे ठेवायचे. आम्ही पाच जण, म्हणजे एकूण शंभर, टक्क्यांचा हिशोब आपोआप. वहीत नोंद करायचं काम माझ्याकडे आलं. आयुष्यभर एका पतसंस्थेच्या कर्जविभागात बसलो, त्यामुळे नोंदी ठेवायची खोड जात नाही. पाचांत मी, तात्या, निवृत्त मास्तर अण्णा, जिल्हा परिषदेच्या माजी सदस्या अक्का आणि फोनवरून माझा भाचा. तो साताऱ्याला एका वर्तमानपत्रासाठी बातम्या देतो.

पहिला अडसर भाच्यानेच घातला. "मामा, पुढचा कोण हा दुसरा प्रश्न झाला. खुर्ची रिकामी होणार का, हा पहिला." त्याचं म्हणणं आम्हाला पटायला वेळ लागला नाही, कारण २०२३ चा मे महिना सगळ्यांना आठवत होता. २ मे रोजी मुंबईत यशवंतराव चव्हाण सेंटरमध्ये आत्मचरित्राच्या नव्या आवृत्तीच्या प्रकाशनाला पवारांनी पक्षाध्यक्षपद सोडत असल्याचं जाहीर केलं. रडारड झाली, समिती नेमली गेली, तिने ५ मे रोजी राजीनामा नामंजूर केला आणि त्याच दिवशी पवारांनी तो मागे घेतला. त्या तीन दिवसांत सुप्रिया सुळे की अजित पवार यावर गावोगाव जेवढी डोकी झिजली, ती सगळी वाया. पद रिकामंच झालं नाही. राजीनामा देणं, मागणं, देऊ केला असं दाखवणं आणि तो मंजूर होणं या चार वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्याकडे त्या एकाच दमात बोलल्या जातात.

म्हणून दोन पानं केली. पहिल्या पानावर प्रश्न: गणेशोत्सवाआधी, म्हणजे २७ ऑगस्टच्या आत, नवा प्रदेशाध्यक्ष येईल का? मुदत घातली नाही तर असल्या प्रश्नाला काही अर्थच उरत नाही; कधी ना कधी प्रत्येक अध्यक्ष जातोच. त्या दिवशी शंभरातले ४५ बेदाणे 'येईल' वर पडले. दुसऱ्या पानावर नावं: रोहित पवार ३८, राजेश टोपे १७, शशिकांत शिंदे १६, आमच्या तासगावचे रोहित पाटील १२, आणि 'इतर' १७.

रोहित पाटलांचे ते १२ कोणी लावले हे सांगायची गरज नाही. आर. आर. आबांचा मुलगा, पंचविशीतला आमदार, आणि बेदाणाही तासगावचाच.

'इतर' हा ढीग मात्र अण्णांच्या हट्टाने आला, आणि त्यामागे चटका होता. त्याच वर्षी फेब्रुवारीत काँग्रेसचा प्रदेशाध्यक्ष बदलणार होता. आमच्या टपरीवर विश्वजित कदमांशिवाय दुसरं नाव घेणाऱ्याला वेड्यात काढलं जायचं. फार तर कोल्हापूरचे सतेज पाटील. १३ फेब्रुवारीला नाव आलं हर्षवर्धन सपकाळ यांचं, बुलढाण्याचे. आमच्यातल्या एकाच्याही तोंडी ते आलं नव्हतं. अण्णा तेव्हा म्हणाले होते, "दिल्लीतनं येणारं नाव कधीच आपल्या यादीत नसतं." आपल्या यादीबाहेर काहीतरी असतं हे कबूल करणारा ढीग ठेवावा लागतो, आणि तो चिमूटभर ठेवून भागत नाही.

इथवर सगळं ठीक. पण पुढचे दोन आठवडे आम्ही जे केलं ते आज वहीत वाचताना लाज वाटते. मी रोज वर्तमानपत्रांतली नावं मोजत होतो. अमुक नाव पाच ठिकाणी, तमुक तीन ठिकाणी, म्हणजे अमुकचं वजन जास्त. भाच्याला हे सांगितलं तर तो हसायला लागला. "मामा, त्या पाच बातम्यांचं सूत्र एकच असतं. एक जण सकाळी टाकतो, बाकीचे दुपारपर्यंत 'समजते' लावून उचलतात. पाच साक्षीदार नाहीत ते, एकाच साक्षीदाराच्या पाच झेरॉक्स." कर्जाच्या फायलीत एकाच जमिनीचा उतारा तीनदा जोडला म्हणून तारण तिप्पट होत नाही, हे मी इतरांना वीस वर्षं शिकवत आलो होतो. चौकातल्या 'भावी' फलकांचंही तसंच. ते नेत्याबद्दल काही सांगत नाहीत. फलक लावणाऱ्याला नगरपालिकेचं तिकीट हवंय, एवढंच सांगतात.

वळण आणलं अक्कांनी. जूनच्या अखेरीस पाऊस जोरात होता, टपरीच्या ताडपत्रीवरून पाणी गळत होतं आणि अण्णा शशिकांत शिंदेंचं नाव खोडायला निघाले होते. त्यांच्या हातात पराभवांची यादी होती. २०१९ ला कोरेगावात महेश शिंदेंकडून हार. २०२१ ला सातारा जिल्हा बँकेच्या निवडणुकीत जावळी सोसायटी गटातून हार, तीही एका मताने: २५ विरुद्ध २४. २०२४ ला लोकसभेला उदयनराजेंकडून ३२,७७१ मतांनी हार. त्याच वर्षी विधानसभेला पुन्हा कोरेगावात हार. "बँकेत एक मत जमवता आलं नाही, ते राज्य काय जमवणार?" अण्णांचा सवाल बिनतोड वाटत होता.

अक्का म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही मतदार होऊन बघताय. ह्यात मतदार हायत कुठं?"

मग त्यांनी जे सांगितलं ते जवळजवळ जसंच्या तसं वहीत आहे. तिकीट वाटणाऱ्याच्या बाजूला बसलेल्या बाईचं ते बोलणं होतं. जिल्हा परिषदेच्या तिकिटाला त्या कधी मागणाऱ्या होत्या, कधी देणाऱ्यांच्या खोलीत होत्या. त्यांचं म्हणणं असं: देणारा माणूस कोण लायक हे बघत नाही, आपली आजची अडचण कोण सोडवेल हे बघतो. आणि तो हार-जीत मोजत नाही. मागितलं तेव्हा कोण उभं राहिलं, ते मोजतो. २०२४ ला श्रीनिवास पाटलांनी साताऱ्याची लोकसभा पुन्हा लढवायला नकार दिला, तेव्हा उमेदवारीसाठी दोन-तीन मोठी नावं फिरली. उभे राहिले शिंदे. "नको म्हणायची सोय होती तेव्हा हो म्हणाले," अक्का म्हणाल्या, "ते कुठंतरी लिहून ठेवलेलं असतंय."

त्या लोकसभेची एक गंमत भाच्याने फोनवरून भरली. पक्षाचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस, आणि एका अपक्षाला मिळालेली पिपाणी, जी मतदानयंत्रावर 'तुतारी' या नावानेच होती. त्या अपक्षाला ३७,०६२ मतं पडली. पराभवाचं अंतर त्याहून कमी. ती सगळी मतं चुकूनच पडली असं कोणी छातीठोक सांगू शकणार नाही, पण पक्षाच्या आतल्या हिशोबात तो पराभव 'पराभव' या खात्यात जमा झालेला नाही, एवढं नक्की. अण्णांच्या यादीतली एक ओळ तिथेच फिकी पडली.

माझ्या डोक्यात तेव्हा कर्जविभागातली जुनी गोष्ट आली. नवा कारकून फाईल उघडली की आधी अर्जदाराचं नाव बघतो. जुना कारकून मंजुरीची सही कोणाची ते बघतो. सही शाखाधिकाऱ्याची असेल तर एक हिशोब, संचालक मंडळाची असेल तर दुसरा. आम्ही तीन आठवडे अर्जदारच बघत बसलो होतो.

त्या वर्षी महाराष्ट्रात तीन पक्षांचे प्रदेशाध्यक्ष बदलत होते आणि तिन्हीकडे सहीची पद्धत वेगळी होती. भाजपने रवींद्र चव्हाणांना जानेवारीतच प्रदेश कार्याध्यक्ष केलं होतं. १ जुलैला ते प्रदेशाध्यक्ष झाले. तिथे अंदाज बांधायला काही लागतच नव्हतं, पाटी आधीच रंगवून ठेवलेली. काँग्रेसमध्ये सही दिल्लीत, आणि इथून दिसणारी यादी तिथल्या यादीशी जुळेलच असं नाही. २०२२ मध्ये काँग्रेसच्या राष्ट्रीय अध्यक्षपदाची तर रीतसर निवडणूक झाली, खर्गेंना ७,८९७ आणि थरूर यांना १,०७२ मतं पडली. पण सप्टेंबरच्या अखेरपर्यंत सगळ्यांच्या तोंडी गेहलोत होते. राजस्थानात आमदारांचं नाट्य झालं, ते बाजूला गेले आणि खर्गेंचा अर्ज शेवटच्या दिवशी आला. मतमोजणीचा अंदाज कोणीही सांगितला असता. खरा निकाल अर्ज भरायच्या आदल्या रात्री लागलेला होता.

इथे, राष्ट्रवादीत, सही एकाच माणसाची. मग त्या माणसाची जून २०२५ मधली अडचण काय होती? विधानसभेला पक्षाने ८६ जागा लढवल्या आणि दहा आल्या. लोकसभेला दहापैकी आठ, आणि सहा महिन्यांत हे. त्या दहांपैकी दोन आमच्या जिल्ह्यातले, जयंतराव आणि रोहित पाटील. शेजारच्या साताऱ्यात आठपैकी आठ जागा महायुतीच्या, वर त्या एका जिल्ह्यात चार मंत्री. जो सातारा पवारांनी २०१९ च्या ऑक्टोबरात भर पावसात भिजून राखला होता, आणि २०२३ ला पक्ष फुटल्याच्या दुसऱ्याच दिवशी ज्या जिल्ह्यात, कराडच्या प्रीतिसंगमावर, ते येऊन उभे राहिले होते, तिथे विधानसभेचा एकही आमदार उरला नव्हता. त्यात सर्वोच्च न्यायालयाने ६ मे रोजी रखडलेल्या स्थानिक निवडणुका लावण्याचा आदेश दिलेला. म्हणजे गावोगाव फिरणारा, स्वतःच्या मतदारसंघात न अडकलेला माणूस हवा, आणि तोही लवकर.

त्या चौकटीत नावं पुन्हा ठेवून बघितली. रोहित पवारांना फिरायची हौस आणि दम दोन्ही, पण कर्जत-जामखेड १,२४३ मतांनी हाती राहिलेलं, आणि घरातल्या फुटीनंतर प्रदेशाध्यक्षही घरातलाच केला तर आधीच चालू असलेल्या टोमण्यांना आयतं खाद्य. टोपे अनुभवी, पण स्वतःची घनसावंगी गेलेली. (शिंदेंचीही कोरेगाव गेलेली, हे अण्णांनी लगेच दाखवून दिलं.) फरक असा की शिंदे विधान परिषदेत होते, २०२६ च्या मेपर्यंत. हातात आमदारकी आणि डोक्यावर मतदारसंघ नाही, हे समीकरण दुसऱ्या कोणाकडे नव्हतं. शिवाय नवी मुंबईत माथाडी कामगारांमध्ये वर्षानुवर्षांचं काम. जावळीचं हुमगाव गाव, १९९९ पासून निवडणुका, २००९ ला कोरेगावात शालिनीताई पाटलांना हरवून आलेले. नवखे नव्हेत, आणि मुख्य म्हणजे फुटीच्या वेळी जागचे हलले नाहीत.

रोहित पाटलांचं नाव आम्ही त्या दिवशी खोडलं. तात्यांनी आपले बेदाणे उचलताना एक शब्द काढला नाही. आपल्या जिल्ह्याचा माणूस आपल्याला मोठा दिसतो, कारण आपण त्याला जवळून बघतो. हे काँग्रेसच्या वेळी कदमांबाबत एकदा झालं होतं, चार महिन्यांत दुसऱ्यांदा.

दुसरी नोंद: शिंदे ३७, रोहित पवार २२, टोपे १५, इतर २६. शिंदेंचे ३७ असे: अक्का ११, भाचा १०, मी ७, अण्णा ६, तात्या ३. पहिल्या पानावरचं 'येईल' ४५ वरून ७० वर गेलं, ते निवडणुकांच्या आदेशामुळे.

अण्णांनी सहा का लावले, हे सांगायला हवं, कारण त्यांचं कारण अक्कांच्या अगदी उलट होतं. अण्णा वसंतदादांच्या काळातले. १९८५ साली राजीव गांधींनी प्रभा राव यांना प्रदेशाध्यक्ष केलं आणि ते न पटल्याने दादांनी थेट मुख्यमंत्रिपद सोडलं, हे त्यांनी ऐन उमेदीत पाहिलेलं. तेव्हापासून त्यांचा सिद्धांत असा की प्रदेशाध्यक्ष हा नेहमी तिथल्या वजनदार माणसाला वेसण घालायला नेमतात. मावळत्या अध्यक्षाला जो सर्वात नकोसा, तो पुढचा. जयंतरावांचा शेजारी, त्याच पट्ट्यातला, म्हणून शिंदे. १९८५ च्या काँग्रेसला तो लागू असेलही, पण इथे वेसण घालणारा आणि पक्षाचा मालक यांच्यात दिल्लीएवढं अंतरच नव्हतं. अण्णा मात्र सहावर ठाम राहिले.

१२ जुलैला दुपारी वाहिन्यांवर पट्टी आली: जयंत पाटलांचा राजीनामा, शशिकांत शिंदे नवे प्रदेशाध्यक्ष. तासाभरात जितेंद्र आव्हाडांनी ते खोडून काढलं. टपरीवर गोंधळ. तात्यांचं म्हणणं, खोडलं म्हणजे खोटं. भाचा म्हणाला, "मामा, खोडलंय काय ते नीट ऐका. राजीनामा दिला नाही, एवढंच खोडलंय. शिंदे होणार नाहीत असं कोणी म्हटलेलं नाही." मी त्या संध्याकाळी तिसरी नोंद घेतली. शिंदे ७८, इतर १०, रोहित पवार ८. बेरीज ९६ येते. वादावादीत तात्यांनी चार बेदाणे खाल्ले होते आणि ते कोणत्या नावावरचे हे त्यांना सांगता येईना.

१५ जुलैला मुंबईत, पुन्हा त्याच चव्हाण सेंटरमध्ये, जयंतराव सात वर्षं आणि अडीच महिन्यांनी पायउतार झाले आणि शिंदे प्रदेशाध्यक्ष झाले. कृष्णा साताऱ्याकडून सांगलीकडे वाहते; हे पद उलटं, नदीच्या वरच्या अंगाला गेलं.

आता मोजमाप. १२ तारखेनंतरची नोंद मी धरत नाही, पट्टी वाचून शहाणं व्हायला अक्कल लागत नाही. धरायची ती जूनअखेरची. पद्धत भाच्याने सुचवली: खऱ्या नावावर जितका भाग लावला तो एकातून वजा करायचा आणि उरलेल्याचा वर्ग करायचा. वर्ग यासाठी की थोड्या चुकीला थोडा दंड आणि मोठ्या चुकीला फार मोठा. अक्कांचा दंड ०.२०, भाच्याचा ०.२५, माझा ०.४२, अण्णांचा ०.४९, तात्यांचा ०.७२. तात्यांचा दंड अक्कांच्या साडेतीनपट.

पण यावरून अक्का अंदाजात पक्क्या आणि तात्या कच्चे असं म्हणायला मी तयार नाही. एका सौद्यावरून अडत्याची पारख होत नसते. अक्कांनी ११ लावले, म्हणजे त्यांच्याही मते वीसपैकी नऊ वेळा दुसरंच कोणीतरी झालं असतं. टोपे झाले असते तर आज मी इथे मराठवाड्याच्या समतोलाबद्दल तितक्याच आत्मविश्वासाने लिहीत बसलो असतो, आणि मला ती भीती वाटते. अण्णांचं कारण चुकीचं असून त्यांचे बेदाणे माझ्याहून एकच कमी बरोबर पडले, हेही विसरता येत नाही. अक्कांचं कारण बरोबर होतं की फक्त लागू पडलं, हे कळायला असे वीस-पंचवीस प्रसंग वहीत यावे लागतील. आमच्या वयाकडे बघता ते अवघड आहे. भाच्याला जमेल.

पहिल्या पानावर मात्र मी स्वतःवर जास्त नाराज आहे. १० जूनला ४५ हे फार कमी होतं. मे २०२३ च्या आठवणीने आम्ही सगळे पोळलेले, म्हणून ताकही फुंकून प्यायलो. दोन प्रसंगांत फरक ढळढळीत होता. २०२३ ला पद सोडणारा आणि सही करणारा माणूस एकच होता. २०२५ ला सोडणारा वेगळा, सही करणारा वेगळा, आणि करणाऱ्याने 'नको' म्हटलं नव्हतं, 'नंतर' म्हटलं होतं. एवढं एक वाक्य त्या संध्याकाळी नीट ऐकलं असतं तर साठ-पासष्ट तरी लावायला हवे होते.

वही अजून टपरीवरच असते. तिसऱ्या नोंदीच्या बेरजेचा वाद मिटलेला नाही. अण्णांचं म्हणणं, तात्यांनी खाल्लेले चार 'इतर' मध्ये धरून शंभर पूर्ण करा. तात्या म्हणतात ते शिंदेंवरचे होते, आणि आता त्यांना तसं पक्कं आठवतंय.